पावसाळ्यात अडकणारे दार, उन्हाळ्यात पडणारी फट : घरच्या खुराड्यातील ओलीचा शोध

पुण्यातल्या धायरीत आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मी स्वतः बांधलेले एक लाकडी खुराडे आहे. ते 6 फूट लांब, 4 फूट रुंद आणि जमिनीपासून दीड फूट उचललेले आहे. वर पन्हळी पत्रा आहे आणि आत आठ गावरान कोंबड्या आहेत. सुतारकाम मी हौसेने शिकले आहे, धंदा म्हणून नव्हे. पण करवत, रंधा आणि पटाशी हाताला सरावाच्या आहेत. तरीही या खुराड्याने मला सलग तीन वर्षे एकाच प्रश्नावर हरवले. जुलै उजाडला की त्याचे दार चौकटीत घट्ट रुतून बसे आणि एप्रिल आला की त्याच दाराच्या कडेने उजेड दिसू लागे. मी दरवर्षी एकच उपाय करीत राहिले आणि दरवर्षी तो त्रास थोडा वाढून परत येत राहिला. पुण्यात आणि आसपास घरी खुराडे बांधणाऱ्या बऱ्याच जणांकडून मी हीच तक्रार ऐकली आहे, म्हणून कारणापर्यंत कशी पोहोचले आणि काय बदलले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

त्रास नेमका कसा दिसे

मृगाच्या सरी सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की प्रथम कडी जागेवर बसेनाशी होई. त्यानंतर दार ओढताना चौकटीचा वरचा कोपरा करकरे, आणि ऑगस्टमध्ये तर पाय लावून दार ओढावे लागे, त्या आवाजाने कोंबड्या घाबरून एकमेकींवर उड्या मारीत. याच सुमारास आत अंथरलेले भाताचे तूस पाण्याच्या भांड्याभोवती आणि बसण्याच्या दांडीखाली पेंडीसारखे घट्ट थापले जाई. सकाळी दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास येई. खालच्या फळ्या काळपट पडू लागल्या होत्या, आणि तिसऱ्या वर्षी मागच्या एका पायात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तेव्हा तो सहज अर्धा इंच आत गेला.

ही सारी लक्षणे मी वेगवेगळी मानली, हीच माझी मोठी चूक झाली. दार अडकणे हा सुतारकामाचा प्रश्न, वास हा स्वच्छतेचा प्रश्न आणि पाय कुजणे हा स्वस्त लाकडाचा प्रश्न, अशी वाटणी करून मी प्रत्येकाचा स्वतंत्र बंदोबस्त करीत होते.

दार तासणे हा उपाय का नाही

दार अडकले की ते काढायचे, कडेवरून रंधा फिरवायचा आणि परत बसवायचे, हे मी तीन पावसाळे केले. दर खेपेस चार-पाच मिलिमीटर लाकूड गेले. येथे लाकडाचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. हवेतील दमटपणा वाढला की लाकूड पाणी शोषून फुगते आणि हवा कोरडी झाली की आकसते. मात्र ही हालचाल जवळजवळ सगळी फळीच्या रुंदीत होते, लांबीत ती नगण्य असते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा अत्यंत कोरडी असते आणि ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस ओलसर राहते, त्यामुळे आपल्याकडे लाकडाला वर्षभरात बराच मोठा पल्ला गाठावा लागतो. माझे दार उभ्या फळ्या शेजारी-शेजारी चिकटवून, मागे दोन आडव्या पट्ट्या ठोकून केलेले होते. 2 फूट रुंदीच्या त्या दारात मे आणि ऑगस्ट यांमध्ये साधारण 1 सेंटिमीटरचा फरक पडे. म्हणजे पावसाळ्यात फुगलेले दार मी चौकटीच्या मापाचे करीत होते आणि उन्हाळ्यात आकसल्यावर तेच दार लहान पडत होते.

लाकूड स्वस्त होते म्हणून असे झाले, अशी माझी काही काळ समजूत होती. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन मी दारासाठी वापरले होते. (अशा पेट्या घेताना त्यांवरचा शिक्का जरूर पाहावा, ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले लाकूड आणि ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे लाकूड खुराड्याला वापरू नये.) मग एका परिचितांनी जुन्या वाड्याच्या सागवानाचे दार करण्याचा सल्ला दिला. शहरातले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे खांब, तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात, आणि तो साग फारच देखणा असतो. साग पाइनपेक्षा कमी हलतो आणि सहजी कुजत नाही, हे खरे. पण कितीही जुना, मुरलेला साग असला तरी तो दमट हवेत फुगणारच. रुंद फळ्यांचे दार सागाचे केले असते तर पैसे अधिक गेले असते आणि त्रास थोडा कमी झाला असता, एवढेच.

तिसऱ्या उन्हाळ्यात या तासण्याची किंमत मोजावी लागली. दाराला कडी एकच होती आणि तीही वरच्या बाजूला. खालच्या कोपऱ्यात दोन बोटे मावतील एवढी फट पडली होती, आणि तेथे बाहेरून जोर दिला की फळी लवून फट आणखी उघडे. मुंगसाला तेवढे पुरले. सकाळी दोन कोंबड्या मेलेल्या होत्या आणि उरलेल्या सहा दांडीच्या टोकाला दाटीवाटीने बसून राहिल्या होत्या. त्या दिवशी त्या खाली उतरल्याच नाहीत.

फसलेले इतर उपाय

आत ओल आहे हे दिसत होते, आणि पावसाळ्यात ओल आहे म्हणजे पाऊसच आत येत असणार, असे मी गृहीत धरले. त्यानुसार पत्र्याच्या प्रत्येक बोल्टभोवती सिलिकॉन भरले. पश्चिमेकडून झड येते म्हणून त्या बाजूच्या जाळीवर जुना फ्लेक्स ताणून बांधला. ओल कमी झाली नाही, तेव्हा उरलेल्या बाजूंनाही ताडपत्री लावली. त्या वर्षी वास सर्वांत जास्त होता, आणि दारही नेहमीपेक्षा आधी अडकले. त्याचा अर्थ तेव्हाच लागायला हवा होता.

चुन्याचा प्रयोगही सांगणे भाग आहे, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. ओल्या तुसावर मी विरलेला चुना भुरभुरला, कोंबड्या आत असतानाच. दुसऱ्या दिवशी वास कमी होण्याऐवजी इतका वाढला की मला दारात उभे राहवेना. विष्ठेतील नत्रापासून तयार होणारा अमोनिया आम्लधर्मी ओलाव्यात बांधलेला राहतो. चुना पडला की तो ओलावा अल्कधर्मी होतो आणि बांधलेला अमोनिया वायू होऊन बाहेर पडतो. चुन्याची जागा जरूर आहे, परंतु ती वेगळी : कोंबड्या बाहेर काढून, सगळे अंथरूण उपसून, रिकाम्या तळावर चुना मारावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग नवे तूस टाकावे. वास मोजताना एक लक्षात ठेवावे, की उभ्या माणसाच्या नाकाला येतो त्यापेक्षा तो तळाजवळ अधिक तीव्र असतो, आणि आपले नाक काही मिनिटांत त्याला सरावते. म्हणून सकाळी दार उघडल्या उघडल्या, गुडघ्यांवर बसून, कोंबडीच्या उंचीवर वास घ्यावा. तेथे डोळे चुरचुरत असतील तर कोंबडीला रात्रभर तेच सोसावे लागले आहे.

खरे निदान दिवाळीनंतर झाले

स्वयंपाकघरातील कपाटाच्या कामासाठी एक सुतार मिस्त्री आमच्याकडे आले होते. पाऊस थांबून दोन-तीन आठवडे लोटले होते, सकाळी गारवा जाणवू लागला होता, आणि मी दार पुन्हा तासायला म्हणून काढून ओट्यावर ठेवले होते. त्यांनी ते पाहिले, खुराड्यात डोके घातले, आणि पत्र्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून ते ओले बोट मला दाखवले.

“ताई, रंधा ठेवा खाली. पाऊस जाऊन किती दिवस झाले? आणि हा पत्रा बघा, घामेजलाय आतनं.”

पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीच्या खोलगट रेषेवर थेंबांची माळ होती. मी पाहत असतानाच त्यांतला एक थेंब घसरत वाशापर्यंत आला आणि तेथून खाली तुसावर पडला. आकाश निरभ्र होते. गळती असती तर तिला पाऊस लागला असता.

पुढचा हिशेब सोपा होता, आणि तो मी तीन वर्षे केला नव्हता. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आठ कोंबड्यांचे रोज सुमारे 2 लिटर झाले. अंड्यातून जाणारा थोडा भाग सोडला, तर ते सगळे पाणी विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर येते. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. रात्री कोंबड्या दहा-अकरा तास आत असतात, म्हणजे या पाण्याचा बराचसा वाटा दर रात्री त्या पेटीत सांडतो. बाहेर जायला वाट नसेल तर उबदार दमट हवा वर चढते, रात्री गार झालेल्या पत्र्याला टेकते आणि तिचे पाणी होऊन परत खाली येते. पावसात पत्रा पावसाच्या पाण्याने गार होतो, हिवाळ्यात उघड्या आकाशाखाली गार होतो, परिणाम तोच. फ्लेक्स आणि ताडपत्री लावून मी ही वाट अधिकच बंद केली होती, आणि त्या कोंडलेल्या दमट हवेत दाराची आतली बाजू पाणी पीत होती. दार अडकत होते ते यामुळे.

तुमच्याकडे पाणी कोठून येते, हे कसे ओळखावे

सगळीकडे कारण हेच असेल असे नाही, म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तीन-चार साध्या तपासण्या कराव्यात. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्यावर तुसावर, दांडीखालची जागा सोडून, कोरडी वर्तमानपत्रे पसरावीत आणि पहाटे पाहावीत. एका ठिकाणी मोठा डाग पडला असेल आणि रात्री पाऊस झाला असेल तर वर गळती आहे. वाशांच्या किंवा पन्हळींच्या रेषेत ओळीने बारीक ठिपके असतील तर पत्र्याला घाम येत आहे. ही तपासणी एकदा पावसाच्या रात्री आणि एकदा कोरड्या रात्री केली की शंका उरत नाही.

तळ जमिनीवर असेल, म्हणजे फरशी किंवा कोबा असेल, तर त्यावरचे तूस बाजूला करून फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा कडांना चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या खालच्या बाजूला पाणी असेल तर ओल जमिनीतून चढते आहे, आणि तसे असल्यास वरची हवा कितीही खेळती केली तरी तूस ओलेच राहील.

तिसरी खूण बाहेरच्या फळ्यांवर असते. पागोळ्या जमिनीवर आपटून उडतात आणि फळ्यांवर चिखलाचे बारीक ठिपके उमटवतात. माझ्याकडे पायांखाली शहाबादी फरशी होती, त्यामुळे पाणी जमिनीत न मुरता चांगले फूटभर वर उडत होते, आणि त्याच उंचीपर्यंत पाय काळे पडले होते. खाली खडी किंवा गवत असेल तर हे ठिपके क्वचितच दिसतात.

तूस कितपत ओले आहे हे मुठीत धरून कळते. मूठभर तूस घट्ट दाबावे आणि हात उघडावा. गोळा तसाच राहिला तर ते फार ओले आहे. गोळा होऊन हळूहळू फुटला तर ठीक. मुळीच न जमता धुरळा उडाला तर फार कोरडे. ओल्या, उबदार अंथरुणात रक्ती हगवणीच्या परजीवींची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी पिकतात, म्हणून ही मुठीची तपासणी मी आता पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा करते. विष्ठेत रक्त दिसले तर मात्र अंथरुणाशी खेळत बसू नये, पशुवैद्याला दाखवावे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळाही आहे.

दुरुस्ती

पहिला बदल दिशेचा होता आणि त्याला खर्च शून्य आला. माझ्या खुराड्याची लांब बाजू आणि दार पश्चिमेला होते, म्हणजे नेमके जिकडून झड येते तिकडे. आपल्याकडे कोंबड्यांच्या शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवण्याची रीत आहे, कारण त्यामुळे लांब उघड्या बाजू दक्षिणोत्तर येतात आणि दुपारचे ऊन थेट आत शिरत नाही. पावसाळ्यात त्याचा आणखी एक फायदा होतो : झडीच्या तोंडी फक्त अरुंद भिंत राहते. आम्ही चौघांनी मिळून खुराडे उचलले आणि फिरवले. पश्चिमेची 4 फुटांची भिंत फळ्यांनी पूर्ण बंद केली आणि त्या बाजूला पत्रा दीड फूट पुढे काढला.

दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे दमट हवेला दिलेली वाट. उत्तर आणि दक्षिण, दोन्ही लांब बाजूंना छताला लागून 6 फूट लांब आणि 8 इंच उंच अशी पट्टी उघडी केली. दोन्ही मिळून 8 चौरस फूट, म्हणजे कोंबडीमागे 1 चौरस फूट झाले. आपल्या हवेत याहून कमी ठेवू नये असे माझे मत आहे. छताची उंच बाजू दक्षिणेला ठेवली, त्यामुळे उबदार हवा तिकडून निघून जाते आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन आत येते. या पट्ट्या दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांपेक्षा वर असल्या पाहिजेत, म्हणजे वारा त्यांच्या अंगावरून जात नाही. त्यासाठी मला दांडी 6 इंच खाली आणावी लागली. उघड्या पट्ट्यांवर अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या तारांची चौकोनी जाळी, लावली, जी बोहरी आळीत वजनावर मिळाली. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण ती कोंबडी आत ठेवते, मुंगूस किंवा घूस बाहेर ठेवत नाही. जाळी खिळ्यांवर न सोडता तिच्या कडांवरून लाकडी पट्टी स्क्रूने आवळावी; बाहेरून ओढली तर निव्वळ खिळे उपसून येतात.

पत्र्याखाली दुसरे आच्छादन दिले की घाम जवळपास थांबतो, कारण दमट हवा गार पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. मी प्रथम बुरुड आळीतून बांबूचा तट्ट्या आणून लावला. स्वस्त, हलका आणि दिसायला सुरेख. परंतु तीन महिन्यांनी त्याच्या विणीत लाल माइटनी घरे केली. दिवसा हे किडे फटींत दडतात आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पितात. तट्ट्या जाळून टाकला आणि त्याजागी 6 मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे ओलीत टिकणारा प्लायवुड, ज्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असतो तो, वाशांच्या खालून स्क्रूने बसवला. पत्रा आणि प्लाय यांमध्ये वाशाच्या जाडीएवढी पोकळी राहिली. तिची दोन्ही टोके उघडी ठेवून त्यांवर जाळी लावली. उन्हाळ्यातही आतला उकाडा यामुळे बराच कमी झाला, हा अनपेक्षित लाभ.

पाण्याचे भांडे सरळ खुराड्याबाहेर, दिवसा कोंबड्या फिरतात त्या अंगणात हलवले. रात्री अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत, त्यामुळे भांडे आत ठेवण्याचे कारणच नव्हते. दांडीखाली प्लायची एक सरकती फळी बसवली, जिच्यावर रात्रीची विष्ठा पडते. ती रोज सकाळी ओढून खरवडायला मला चार मिनिटेही लागत नाहीत आणि तेवढे पाणी तुसात न मुरता थेट खताच्या खड्ड्यात जाते. सगळ्या खटाटोपातून एकच काम निवडायला सांगितले तर मी हीच फळी निवडेन. तुसाऐवजी लाकडाचा भुसा वापरायचा असेल तर करवतीचा बारीक भुसा टाळावा, तो धुळीसारखा उडतो. रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या चांगल्या. त्या प्लायच्या किंवा रसायन मारलेल्या लाकडाच्या नसाव्यात, एवढे सुताराला विचारून घ्यावे.

पायांचे काम कंटाळवाणे होते. लाकूड फळीच्या पृष्ठभागातून जेवढे पाणी शोषते त्याच्या कितीतरी पट अधिक, आणि अधिक वेगाने, कापलेल्या तोंडातून शोषते. पायाचे असे तोंड साचलेल्या पाण्यात उभे असेल तर लाकूड कोणतेही असो, ते कुजणारच. चारही पाय खालून 4 इंच कापले. कापलेल्या तोंडांना उकळलेले जवसाचे तेल, ते शोषणे थांबेपर्यंत, तीन-चार वेळा पाजले. मग काँक्रीटच्या ठोकळ्यांवर लोखंडी यू-पट्ट्या बसवून पाय त्यांत असे अडकवले की लाकूड आणि काँक्रीट यांमध्ये इंचभर हवा राहील. शहाबादी फरशी काढून पागोळ्यांच्या रेषेत खडी पसरली. वाळवीसाठी म्हणून किंवा टिकाऊपणासाठी म्हणून गॅरेजमधले जळके ऑइल पायांना चोपडण्याची पद्धत मी पाहिली आहे. कोंबड्या लाकडावर चोच मारतात. ते ऑइल त्यांच्या पोटात जाते आणि पुढे आपल्या. ते करू नये.

आणि शेवटी दार

ओल आटोक्यात आल्यावरही बाहेरची हवा पुण्याचीच राहणार होती, त्यामुळे दाराची घडणच बदलली. नव्या दारात रुंद फळी कोठेही नाही. अडीच इंच रुंदीच्या सागाच्या पट्ट्यांची चौकट केली. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून उरलेल्या तुकड्यांच्या भावात मिळाले. लाकूड रुंदीतच हलते, आणि येथे 2 फुटांच्या दारात हलणारी रुंदी दोन उभ्या पट्ट्यांची मिळून अवघी 5 इंच आहे. चौकटीचे सांधे कुसू आणि खाच पद्धतीने, म्हणजे एका पट्टीचे निमुळते टोक दुसरीच्या खाचेत बसवून, केले व पाण्यात टिकणाऱ्या गोंदाने चिकटवले. साधा पांढरा सुतारी गोंद ओलीत मऊ पडतो, हे जुन्या दाराच्या सुटलेल्या सांध्यांनी दाखवून दिलेच होते. वरच्या अर्ध्या भागात वेल्डमेश आणि खालच्या अर्ध्या भागात 12 मिलिमीटरचा मरीन प्लाय आहे. हा प्लाय चौकटीच्या आतल्या खोबणीत नुसता सरकवला आहे, गोंद न लावता आणि कडेने 2 मिलिमीटर जागा सोडून, म्हणजे चौकट हलली तरी त्याला फुटण्याचे कारण नाही.

दार कालांतराने मोकळ्या कडेकडून खाली लोंबते, त्यासाठी एक तिरपी पट्टी दिली. ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाते. ही दिशा उलटी झाली तर पट्टी भार पेलण्याऐवजी ताणली जाते आणि सांधा सुटतो. मी पहिल्या दारात ती उलटीच ठोकली होती. कड्या आता दोन आहेत, एक वर आणि एक अगदी खाली, आणि दोन्हींना खिटी आहे, कारण नुसती कडी घूस किंवा बोका उचकटू शकतो. स्क्रू सगळे स्टेनलेस स्टीलचे.

दार बसवताना फट किती ठेवावी, हे महिन्यावर अवलंबून असते. मी ते मेमध्ये, लाकूड सर्वांत आकसलेले असताना, कडीच्या बाजूला 5 मिलिमीटर फट ठेवून बसवले. ऑगस्टमध्ये बसवणार असाल तर 2 ते 3 मिलिमीटर पुरेशी आहे, कारण तेव्हा ते आधीच फुगलेले असते. बसवल्यानंतर चारही कडांना, विशेषतः वरच्या आणि खालच्या कापलेल्या तोंडांना, तेल पाजायला विसरू नये. बहुतेक जण दाराचा दर्शनी भाग चकचकीत करतात आणि खालची कड कोरडीच सोडतात.

दोन पावसाळे झाले आहेत. चौकटीच्या आतल्या बाजूला मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फट मोजून पेन्सिलीने आकडा लिहिते. गेल्या मेमधला आकडा 5 होता, जुलैचा 4, ऑगस्टचा साडेतीन आणि सप्टेंबरचाही साडेतीन. ऑक्टोबरमध्ये पुन्हा 4 लिहिले. रंधा या काळात दाराला लागलेला नाही.